बुर्ज जुळले, माणसांचे काय?

मुलाचा बुर्ज असद, मुलीचा अकरब. म्हणजे एकाची रास सिंह, दुसरीची वृश्चिक. एक अग्नितत्त्वाची, दुसरी जलतत्त्वाची. आग आणि पाणी एका घरात कसे नांदणार? हा प्रश्न घेऊन आजही आपल्यातील काही कुटुंबे आमिलाकडे जातात आणि शिकलेली मुले-मुली तोच प्रश्न मोबाइलला विचारतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी छत्तीस गुणांपैकी किती जुळले हे पाहिले जाते. त्यांच्या श्रद्धेची चिकित्सा हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न आपल्या घरातला आहे. अल्लाहशिवाय कोणाच्याही हाती नफा-नुकसान नाही अशी साक्ष देणाऱ्याने जीवनसाथी निवडताना ताऱ्यांचा कौल घ्यावा काय? घेऊ नये, तर दोन भिन्न स्वभावांचे जमेल की नाही, ही आई-वडिलांच्या मनातील खरी धास्ती कशी दूर व्हावी?

ही रीत आपल्याकडे नवी नाही. दख्खनच्या मुसलमानांचे आचार नोंदवणारा जाफर शरीफ यांचा ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ १८३२ साली इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. लग्नापूर्वी तारे आणि तत्त्वे जुळवण्याची चाल त्यातही आढळते. आमिलाची पद्धत साधारणतः अशी असते : नावातील अक्षरांची अबजदप्रमाणे बेरीज करायची, तीत आईच्या नावाची बेरीज मिळवायची, बाराने भागायचे आणि बाकी उरेल त्यावरून बुर्ज ठरवायचा. आता ‘इस्माईल’ हे नाव घ्या. ते दोन प्रकारे लिहिले जाते. मधल्या अलिफसह लिहिले तर बेरीज २१२ होते, अलिफ गाळून लिहिले तर २११. केवळ नावापुरते पाहिले तर पहिल्याची बाकी आठ, म्हणजे अकरब. दुसऱ्याची सात, म्हणजे मीजान, अर्थात तूळ. आईच्या नावाची बेरीज कितीही असो, एका अलिफने बुर्ज एक घर सरकणारच. शाळेच्या दाखल्यावर कारकुनाने नाव कसे लिहिले यावर एखाद्याचा स्वभाव पालटत असेल, हे कोणाच्या बुद्धीला पटेल?

जन्मतारखेवरून काढलेल्या राशींचीही कसोटी घेतली गेली आहे. डेव्हिड व्होआस या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्समधील २००१ च्या जनगणनेतून सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा तपासल्या. कोणत्याही दोन राशींना एकमेकींची विशेष ओढ असल्याचे त्याला आढळले नाही. आपल्या महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणती कुंडली कोणत्या मुलाची हे सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी साधारण एवढेच यश आले असते.

मोमिनाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. कुरआनने आकाशातील बुर्जांकडे अल्लाहच्या कुदरतीची निशाणी म्हणून पाहायला शिकवले. चंद्राच्या मंजिला वर्षांची गणना कळावी म्हणून आहेत, तारे अंधारात वाट सापडावी म्हणून आहेत. नमाजाची वेळ, किब्ल्याची दिशा, रमजानचा चंद्र, सर्वत्र आपण आकाशाकडे पाहतोच. परंतु वाट दाखवणारा तारा वेगळा आणि नशीब लिहिणारा तारा वेगळा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम निवर्तले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. शोकाच्या त्या घडीलाही प्रेषितांनी तो संबंध नाकारला आणि कोणाच्या जन्माने वा मृत्यूने सूर्य-चंद्रांना ग्रहण लागत नाही, असे स्पष्ट केले. अरबांत शव्वाल महिना विवाहास अशुभ मानत, हजरत आयेशा (रजि.) यांचा निकाह शव्वालमध्ये झाला आणि त्या ही गोष्ट आवर्जून सांगत. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, ही सहीह मुस्लिममधील ताकीदही विसरता येत नाही. ‘गंमत म्हणून वाचतो’ म्हणणाऱ्याने स्वतःलाच विचारावे : मजकूर प्रतिकूल निघाला तर मन खट्टू होते की नाही?

यातील सर्वांत मोठी हानी नैतिक आहे. तारा जुळला की माणूस तपासण्याचे कष्ट वाचतात आणि संसार बिघडला की दोष ताऱ्यावर टाकता येतो. बहुधा तो ताऱ्यावरही राहत नाही, सुनेवर येतो. घरात आजारपण आले, धंदा बुडाला, की तिच्या पायगुणाची चर्चा सुरू होते. ज्या गोष्टीवर तिचा काडीइतका अधिकार नाही, तिच्यासाठी तिला आयुष्यभर बोल लावणे हा उघड जुलूम आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात तर हा विषय अधिक गंभीर होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीला जातात. त्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ समजतात. अर्धा कोयता पूर्ण व्हावा, मुलीला मागे एकटे ठेवावे लागू नये, अशा कारणांनी कोवळ्या वयात लग्ने उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले. अशा ठिकाणी मुलीचा बुर्ज विचारला जातो, पण तिचे वय आणि तिची मर्जी विचारली जात नाही. मुलाचे तत्त्व अग्नी की जल हे पाहिले जाते, पण त्याच्या डोक्यावर उचल किती, तो व्यसनी आहे का, रागावला की हात उगारतो का, हे पाहायचे राहून जाते. जे पडताळता येते ते सोडून, जे पडताळता येतच नाही ते विचारण्याला शहाणपण कसे म्हणावे?

इस्लामने स्वभावभेद नाकारलेला नाही. निकाहापूर्वी एकमेकांना पाहून घेण्याची प्रेषितांनी शिकवण दिली, कारण त्याने आपुलकी टिकण्यास मदत होते. मुलीच्या संमतीला महत्त्व दिले. निवडीत दीनदारी आणि चारित्र्य अग्रस्थानी ठेवले. सूरह रूममध्ये पती-पत्नींच्या नात्याची दोन नावे येतात : मवद्दत आणि रहमत, प्रेम आणि दया. स्वभाव जुळतात तेथे प्रेम सहज फुलते. जुळत नाहीत तेथे दयेची कसोटी लागते. आणि दया राशीतून येत नाही, ती रोज कमवावी लागते. पत्नीची एखादी गोष्ट नावडली तरी अल्लाहने तिच्यातच पुष्कळ भलाई ठेवलेली असू शकते, हे सूरह निसा पतीला बजावते. वाद विकोपास गेला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, असेही तीच सूरह सांगते. आणि सारे करूनही जमले नाही तर? हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने प्रेषितांना सांगितले की पतीच्या दीनात किंवा वर्तनात खोट नाही, तरी आपल्याला त्यांच्यासोबत राहवत नाही. प्रेषितांनी तिला अभागी ठरवले नाही. मेहरात मिळालेली बाग परत करवून सन्मानाने वेगळे होण्याचा मार्ग दिला.

येथे एक सावधगिरी हवी. काही जण ज्योतिष सोडतात आणि इस्तिखाऱ्यालाच ज्योतिष बनवतात. दुसऱ्याला इस्तिखारा करायला सांगायचा, त्याला स्वप्नात हिरवे दिसले की होकार, काळे दिसले की नकार! इस्तिखारा ही ज्याचे काम त्याने करायची दुआ आहे. भलाई असेल तर ती माझ्यासाठी सोपी कर, नसेल तर मला तिच्यापासून दूर ठेव, एवढीच विनंती तीत असते. ती चौकशीची आणि सल्लामसलतीची जागा घेत नाही, त्यांच्या जोडीला येते.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी स्थळ आले की आमिलाचा कागद बाजूला ठेवा. मुलाचे शेजारी, त्याचे मित्र, त्याच्यासोबत राबणारे सोबती यांना भेटा. मुलीला वेगळे बसवून, दडपण न आणता, तिच्या मनातले विचारा. सिंह आणि वृश्चिक यांचे जमेल का, हा प्रश्न ताऱ्यांना कधी समजलाच नव्हता. त्याचे उत्तर दोन माणसांच्या वागणुकीने लिहायचे आहे आणि त्या वागणुकीचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.

अल्लाह आपल्या घरांत प्रेम आणि दया नांदू देवो आणि आपल्या लेकींना नाहक ठपक्यांपासून सुरक्षित ठेवो. आमीन.