लॅपटॉपचे आयुष्य कोणी ठरवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबवली. त्या दिवशी त्यामुळे एकही लॅपटॉप बंद पडला नाही. दुकानांचे हिशेब होत होते, मुलांचे प्रकल्प लिहिले जात होते. तरीही असंख्य चालती यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ही आठवी पिढी आली २०१७ मध्ये. त्याच वर्षी सातव्या पिढीचा लॅपटॉप ज्यांनी घेतला, त्यांचे यंत्र कोणताही बिघाड न होता आठ वर्षांत अपात्र झाले.

म्हणून नवा लॅपटॉप घ्यावा का, हे ठरवताना आधी विचारले पाहिजे की हे यंत्र संपले असे म्हणतो कोण? प्राप्तिकराच्या नियमांनुसार संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येतो. शंभर रुपयांच्या यंत्राची पुस्तकी किंमत तीन वर्षांत २१ रुपये ६० पैशांवर येते. बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की थकू लागते. प्रणालीची मुदत कंपनी ठरवते. नीट वापरला तर मदरबोर्ड मात्र दहा वर्षेही टिकू शकतो. एकाच यंत्राची अशी चार वेगवेगळी वये असतात आणि आपण त्यांतले सर्वांत कमी वय सबंध यंत्राला लावून मोकळे होतो.

‘फार स्लो झालाय’ ही नेहमीची तक्रारही तपासून घ्यावी. स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच दाखवून दिले होते की यंत्रे जेवढ्या वेगाने सुधारतात, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते. लॅपटॉपची ताकद कमी झालेली नसते, त्याच्यावरचे ओझे वाढलेले असते. ते नेमके कुठे पडते आहे, हे घरबसल्या कळते. टास्क मॅनेजर उघडून काम करताना पाहावे. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिला माहितीच्या एका तुकड्यापाशी पोहोचायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. तिच्या जागी बसवलेल्या एसएसडीला त्याचा शंभरावा भागही पुरतो. मेमरी भरलेली असेल आणि आत स्लॉट मोकळा असेल, तर चारची आठ जीबी रॅम करता येते. धूळ काढणे, पंखा साफ करणे, बॅटरी बदलणे ही कामे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांतही होतात. आधी निदान, मग खर्च, हा क्रम पाळला तर बऱ्याच घरांतली खरेदी काही वर्षे पुढे जाईल.

याचा अर्थ जुन्याला कवटाळून बसावे असा नाही. सुरक्षा-अपडेट बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करत राहणे हा धोका आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदतीचा मार्ग ठेवला. त्याने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मराठी टंकलेखन एवढ्यात भागते, त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा खरा पर्याय आहे. पण टॅलीवर हिशेब ठेवणारा व्यापारी किंवा श्रीलिपीवर अक्षरजुळणी करणारा डीटीपी चालक विंडोजशी बांधलेला आहे. त्याच्या कामाला यंत्राची फार मोठी ताकद लागत नाही, तरी त्याला खर्च करावाच लागतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे रोजचे तास वाचत असतील, तर नवे यंत्र ही उधळपट्टी नव्हे. निकष एकच असावा: आजच्या यंत्रावर माझे कोणते काम अडते? याचे उत्तर एका वाक्यात देता आले, तर खुशाल घ्यावा. देता आले नाही, तर आपल्याला कामाने नव्हे, जाहिरातीने घाई केली आहे.

या घाईची किंमत घराबाहेरही मोजली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो आपल्या हाती येण्यापूर्वी, कारखान्यातच पडलेला असतो. वीज कमी खाणारे नवे मॉडेल घेऊन तो भरून निघेल, ही समजूत बहुतेक वेळा टिकत नाही. आहे ते यंत्र दोन वर्षे जास्त वापरणे हीच खरी बचत.

पण सगळा भार ग्राहकाच्या विवेकावर टाकणे अन्यायाचे आहे. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केली असेल, तर कितीही सुजाण माणूस ती वाढवू शकत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसाठी दुरुस्ती-सुलभतेचा गुणांक दाखवणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. ती सुरुवात आहे, हक्क अजून कायद्यात उतरायचा आहे. गूगलने २०२३ मध्ये क्रोमबुकसाठी दहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. म्हणजे मुदत वाढवता येते. ती तंत्रज्ञानाची अटळ मर्यादा नाही, कंपनीचा निर्णय आहे.

औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, तशी लॅपटॉपच्या खोक्यावर सुरक्षा-अपडेटची शेवटची तारीख ठळकपणे छापली गेलीच पाहिजे. सोबत रॅम, डिस्क आणि बॅटरी बदलता येते की नाही, हेही. विकत घेताना दुकानदाराला हे दोन प्रश्न आपण प्रत्येकाने विचारायला हवेत. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला आपण किती वर्षांचे यंत्र घेतो आहोत, हे पैसे देण्यापूर्वी कळायला हवे. तो त्याचा हक्क आहे, आणि तो मागून घ्यावा लागेल.