शेवटची सही

काही वर्षांपूर्वी एका आजारी गृहस्थांना पवित्र तेल लावण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर मी हळूच मृत्युपत्राचा विषय काढला. ते किंचित दुखावले. "फादर, माझी मुलं भांडणारी नाहीत. थोरल्याला मुखत्यारपत्र करून दिलंय, तो सगळं पाहील." ते गेले. महिन्याच्या मिस्सेला त्यांची चार भावंडे ख्रिस्तमंदिराच्या दोन बाजूंना बसली होती.

त्या गृहस्थांचा विश्वास खोटा नव्हता, अपुरा होता. मुखत्यारपत्र म्हणजे जिवंत माणसाला मिळालेले उसने हात. देणारा निवर्तला की ते त्याच क्षणी संपते. त्याचे भान कायमचे हरपले तरीही कायद्याने सामान्यतः संपते. काल वाडीचा कारभार पाहणारा थोरला आज इतर वारसांपैकी केवळ एक उरला होता.

मृत्युपत्र नसेल तर आपणा ख्रिस्ती लोकांची वाटणी १९२५ चा भारतीय वारसा कायदा करतो. विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. पण आईच्या उशाशी कोण जागले, अपंग मुलाला पुढे कोण सांभाळणार, हे कायद्याला ठाऊक नसते. ते आईबापांनाच ठाऊक असते. म्हणून मृत्युपत्र हा मुलांवरील अविश्वास नव्हे. तो त्यांना भांडणापासून वाचविण्याचा प्रयत्न आहे.

मात्र केवळ मृत्युपत्र केल्याने न्याय होतोच असे नाही. गोव्याच्या कायद्यात सामान्यतः अर्धी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखून ठेवावी लागते. महाराष्ट्रात आपल्यावर तसे बंधन नाही. आपले सर्वस्व आपण कोणालाही देऊ शकतो. कायदा जिथे मोकळीक देतो, तिथे सदसद्विवेकबुद्धीची कसोटी लागते. "लेकीला लग्नात दिलं ना?" असे म्हणून तिचे नाव गाळणारे हात मी पाहिले आहेत. वडिलांच्या पश्चात माहेर तुटू नये म्हणून मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीही पाहिल्या आहेत. त्या सहीला संमती म्हणावे काय?

ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्राद्वारे करावयाच्या धर्मादाय दानावरील जुने निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केले. देवळालाही आता मोकळेपणी देता येते. तरी एक धर्मगुरू म्हणून सांगतो, लेकीचा वाटा डावलून आलेले दान वेदीला शोभत नाही.

व्यवहार तसा सोपा आहे. मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. केलेली मात्र बरी. दोन साक्षीदार हवेत, पण ज्याला वाटा द्यावयाचा त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. केल्यास तो वाटा रद्द ठरतो. मृत्युपत्रानंतर विवाह केला तर ते नव्याने करावे लागते.

आपल्या भावाला वाटणी करायला सांगा, अशी विनवणी एकाने प्रभू येशूला केल्याचे संत लूक सांगतो. प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले आणि लोभापासून जपावयास सांगितले. ते काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. हातपाय चालते आहेत तोवर एका संध्याकाळी रोझरीनंतर मुलामुलींना, सुनाजावयांना जवळ बसवावे आणि आपल्या मनात काय आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. लेकीलाही विचारावे, "बाय, तुला काय वाटतं?" सही त्यानंतर करावी.