त्याग, वियोग आणि बालपणीची वाकळ

बालपणीच्या एखाद्या वस्तूविषयी, मग ती आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ असो, हातातली चांदीची बिंदली असो की पोळ्याच्या मातीच्या बैलजोडीतला शिंग मोडलेला एक बैल, प्रौढ माणसाला जो जिव्हाळा वाटतो त्याला भारतीय तत्त्वचिंतन ‘ममत्व’, म्हणजे ‘हे माझे’ ही मनाची पकड, या सदरात टाकते आणि बंधनाच्या कारणांत त्याची गणना करते. हे वर्गीकरण काहीसे घाईचे आहे. योगसूत्रांनी ‘राग’ म्हणजे अनुभवलेल्या सुखामागून येणारी ओढ मानली आहे. पण विरलेली वाकळ पुन्हा पांघरावी अशी ओढ कोणालाच नसते, ती ट्रंकेच्या तळाशी घडी घालून असली आणि धावदोऱ्याच्या टाक्यांमधून आईच्या इरकलीचा काठ अजून ओळखू येत असला, तरी तेवढे पुरते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पुत्र, वित्त ही सारी त्यांच्यासाठी नव्हे, तर आत्म्यासाठी प्रिय असतात. उपनिषदाचा रोख अर्थातच नावागावाच्या ‘मी’कडे नाही, तरीही त्या विचाराचा उजेड येथे पडतो, कारण जपले जाते ते त्या वाकळीत निजणारे, आता कोठेही नसलेले मूल.

शीख परंपरेत मोह हा पाच विकारांपैकी एक मानला जातो, आणि तीच परंपरा गुरू गोविंदसिंगांचा बालपणीचा पाळणा त्यांच्या जन्मस्थानी, पाटण्याच्या तख्त गुरुद्वाऱ्यात, आणि त्यांची शस्त्रे नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आजही सांभाळते. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. १७०८ साली नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरूंनी गुरुपद कोणा व्यक्तीला दिले नाही आणि वस्तूलाही दिले नाही. ते शिखांच्या धर्मग्रंथाला, म्हणजे त्यातील ‘शब्दा’ला दिले. मार्गदर्शनाचे काम शब्दाकडे गेल्यामुळे पाळण्याकडे आणि शस्त्रांकडे केवळ आठवणीचे काम उरले, आणि तेवढेच काम असलेली वस्तू माणसाला बांधत नाही. वस्तू जपणे हा दोष नव्हे. गेलेला काळ तिने परत आणावा, या अपेक्षेपासून मोह सुरू होतो.

परंतु हा सारा विचार वस्तू हाताशी आहे असे गृहीत धरतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा आदल्याच रात्री गावोगावी गणपतींचे विसर्जन झालेले होते. विसर्जन हा त्यागाचा, म्हणजे प्रिय वस्तू संकल्पपूर्वक सोडण्याचा, वार्षिक पाठच होय. मूर्ती पाण्यात जाते, कारण भक्त तिला जाऊ देतो. त्यानंतर काही तासांतच दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे दगावली आणि किल्लारीसह ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. या ढिगाऱ्यांत ट्रंकाही गाडल्या गेल्या. जे असे हिरावले गेले त्याला त्याग म्हणता येत नाही, तो वियोग होय. आणि वियोगातून वैराग्य आपोआप उपजते ही कीर्तनांतून नेहमी ऐकू येणारी समजूत येथे टिकत नाही. ज्याला सोडण्याची संधीच मिळाली नाही त्याला ‘आसक्ती सोड’ असा उपदेश करणे अर्थहीन आहे, किंबहुना ते निष्ठुरपणाचे आहे.

अशा माणसाचे ममत्व नाहीसे होत नाही, ते आधार बदलते. नव्या किल्लारीच्या आखीव रस्त्यांवर पक्की घरे मिळाली, तरी दरवर्षी ३० सप्टेंबरला श्रद्धांजली वाहायला लोक जुन्या गावाच्या जागी जमतात, जेथे परत मिळण्यासारखे काही उरलेले नाही हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. मोहाची जी खूण वर सांगितली, गेलेला काळ परत मागण्याची, ती या जाण्यात आढळत नाही. म्हणून शास्त्राने त्याला बंधनांच्या यादीत घालण्याऐवजी श्राद्धाच्या, म्हणजे गेलेल्यांप्रती श्रद्धेने केलेल्या कर्माच्या, जवळ ठेवणे अधिक योग्य ठरेल.