मत्तयचे नाणे



आज सामान्य काळातील २९ वा रविवार. आजच्या शुभवर्तमानात परूशी आणि हेरोदी येशूला शब्दांत पकडण्यासाठी येतात. कैसराला कर द्यावा की देऊ नये, हा त्यांचा प्रश्न. ‘द्या’ म्हटले तर लोक चिडणार, ‘देऊ नका’ म्हटले तर रोमी अधिकारी पकडणार. उत्तर देण्याआधी येशू कराचे नाणे मागतो. लक्षात घ्या, नाणे येशूजवळ नव्हते. ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच कनवटीला होते.

हा प्रसंग मार्क आणि लूक यांनीही सांगितला आहे. परंतु नाणे या अर्थाचा ‘नोमिस्मा’ हा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात एकदाच येतो आणि तो मत्तयच्या शुभवर्तमानात, नेमका याच ठिकाणी. माशाच्या तोंडात सापडलेले नाणे फक्त मत्तय सांगतो. यहूदाला मिळालेली चांदीची नाणी तीस होती, हा आकडाही फक्त त्याचाच. परंपरेनुसार हा शुभवर्तमानकार जकातीच्या नाक्यावर बसणारा माणूस. नाण्यांची पारख हा त्याचा धंदाच होता. तो धंदा त्याने सोडला. पण पारखी नजर त्याने प्रभूच्या सेवेला लावली.

मत्तयने सांगितलेली ही नाणी थोर चित्रकारांनी पुढे अनेक शतके रंगवली. आज त्यांपैकी काही चित्रांसमोर आपण क्षणभर थांबू या.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात कार्मेल मातेच्या मंदिरात ब्रांकाची चॅपेल आहे. तेथील भिंतीवर मासाच्चो या तरुण चित्रकाराने १४२५ च्या सुमारास मंदिराच्या कराचा प्रसंग रंगवला. एकाच चित्रात तीन दृश्ये आहेत. मध्यभागी शिष्यांच्या घोळक्यात येशू हाताने पाण्याकडे निर्देश करतो आहे आणि कर मागणारा समोर उभा आहे. डावीकडे पेत्र काठावर वाकून माशाच्या तोंडातून नाणे काढतो आहे. उजवीकडे तोच पेत्र ते नाणे वसुली करणाऱ्याच्या हातावर ठेवतो आहे. पुत्राला आपल्या पित्याच्या घराचा कर द्यावा लागत नाही. तरीही कोणाला अडखळण होऊ नये म्हणून येशू तो देतो. आणि ते एकच नाणे दोघांसाठी आहे, गुरूसाठी आणि शिष्यासाठी. पेत्राचे देणे प्रभूच्या देण्याबरोबरच फिटले.

दुसरे चित्र टिशियनचे. फेराराचा ड्यूक आल्फोन्सो याला प्राचीन नाणी जमवण्याचा छंद होता. ती ठेवण्याच्या कपाटाच्या दारासाठी टिशियनने १५१६ च्या सुमारास आजच्याच शुभवर्तमानाचा प्रसंग रंगवला. आज ते चित्र जर्मनीत ड्रेस्डेन येथे आहे. चित्रात दोनच व्यक्ती आहेत, येशू आणि परूशी. परूशाचा रापलेला, दणकट हात नाणे पुढे करतो आहे. येशूचा हात नाण्याच्या जवळ आहे. पण त्याने ते घेतलेले नाही. त्याची नजरही नाण्यावर नाही, ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर आहे. ड्यूक जेव्हा जेव्हा आपला खजिना पाहायला जाई, तेव्हा प्रथम ही नजर त्याच्यासमोर येत असेल.

तिसरे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. क्वेंटिन मात्सिस या चित्रकाराने ते १५१४ मध्ये रंगवले. एक सराफ छोट्या तराजूत नाणी तोलतो आहे. त्या काळी लोक नाण्यांच्या कडा कातरून सोने-चांदी चोरत, म्हणून नाणे मोजून भागत नसे, ते तोलावे लागे. शेजारी त्याची पत्नी बसली आहे. तिच्यापुढे प्रार्थनेचे पुस्तक उघडे आहे. त्या पानावर पवित्र मरिया आणि बाळ येशू यांचे चित्र आहे. पान उलटता उलटता तिचा हात तसाच राहिला आहे आणि डोळे नाण्यांकडे वळले आहेत. ती काही दुष्ट बाई नाही. सराफही फसवणूक करताना दिसत नाही. नजर तेवढी वळली आहे.

बंधू-भगिनींनो, या चित्राविषयी लिहिताना आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही कार्यालयात सणाच्या वर्गणीचा हिशेब करीत बसलो होतो. साठ रुपये कमी भरत होते. तेवढ्यात एक गृहस्थ दारात येऊन म्हणाले, “फादर, दोन मिनिटं हवी होती.” मान वर न करताच आम्ही म्हणालो, “जरा थांबा, हिशेब जुळवतोय.” हिशेब जुळला. साठ रुपये वहीखालीच होते. मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हते.

नंतर कळले की, जमिनीच्या पैशांवरून त्यांचे आणि त्यांच्या सख्ख्या भावाचे बोलणे बंद होते. त्या दिवशी मिस्सामध्ये त्यांचे मन विरघळले होते. भावाच्या घरी जायचे होते. पण एकट्याने उंबरठा चढवेना, म्हणून ते आम्हाला बरोबर न्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, “आता नको, फादर. त्या दिवशी मन झालं होतं.” ते दोघे भाऊ आजही एकमेकांशी बोलत नाहीत. पैशांचा हिशेब जुळला, माणूस मात्र हरवला. ही आमची चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

मग नाणे वाईट आहे का? नाही. येशूने नाण्याला पाप म्हटले नाही. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने मत्तयच्या कितीतरी आधी या ‘नोमिस्मा’ शब्दाची फोड केली होती. तो म्हणतो की, हा शब्द ‘नोमोस’ म्हणजे नियम किंवा संकेत यावरून आला आहे. नाण्याची किंमत निसर्गाने दिलेली नसते, ती माणसांनी ठरवलेली असते आणि माणसेच ती काढून घेऊ शकतात. याचा अनुभव आपण घेतला आहे. आपल्या लहानपणी खिशात चार आणे असले म्हणजे आपण स्वतःला श्रीमंत समजायचो. ३० जून २०११ पासून ते नाणे चलनातून बाद झाले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचेही तेच झाले. सरकारी शिक्का होता तोवर किंमत होती.

माणसाचे तसे नाही. त्याची किंमत कोणा राजाने किंवा बाजाराने ठरवलेली नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले. म्हणूनच संत आगस्तीन शिकवत असत की, कैसर जसा नाण्यावर आपली प्रतिमा शोधतो, तसा देव तुमच्यामध्ये आपली प्रतिमा शोधतो. कैसराची मुद्रा असलेली चांदी कैसराकडे जावी. पण ज्याच्यावर देवाची मुद्रा आहे, तो माणूस देवाकडेच गेला पाहिजे. पापाने ही मुद्रा झिजते, पार मळकट होते. तरी ती पुसली जात नाही आणि देव कोणालाही चलनातून बाद करीत नाही.

आता दोन चित्रे उरली. १६२९ मध्ये तरुण रेम्ब्रांटने यहूदा रंगवला. तीस नाणी जमिनीवर विखुरली आहेत आणि यहूदा गुडघे टेकून, हात पिळत याजकांसमोर आक्रंदतो आहे. याजक तोंड फिरवतात. यहूदाने पैसे परत केले, एकूण एक. स्वतःला मात्र तो प्रभूकडे परत घेऊन गेला नाही. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते. पण तो रडला आणि परत आला.

शेवटचे चित्र रोममधील संत लुईच्या फ्रेंच चर्चमध्ये आहे. काराव्हाजोने १५९९-१६०० मध्ये मत्तयला झालेले पाचारण रंगवले. अंधाऱ्या खोलीत मेजाभोवती माणसे बसली आहेत, मेजावर नाणी आहेत. उजवीकडून येशूचा हात पुढे येतो आणि त्याच्यासोबत प्रकाशही येतो. टोकाला बसलेला तरुण मान खाली घालून नाणीच मोजतो आहे. यांतला मत्तय कोणता, दाढीवाला की हा तरुण, यावर अभ्यासकांत वाद आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस पोप होण्याआधी रोमला येत, तेव्हा हे चित्र पाहायला वारंवार जात. २०१३ मधील एका मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की, पैसे घट्ट धरून बसलेल्या त्या मत्तयमध्ये आपल्याला आपण स्वतः दिसतो.

आम्हालाही त्या मेजावर आमची जागा दिसते. त्या रविवारी कार्यालयाच्या दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे प्रभूचा पुढे आलेला हात होता आणि आम्ही मान खाली घालून मोजत होतो.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक हिशेब मांडू या. कोणाचे किती येणे आहे याचा नव्हे, तर कोणाकडे जायचे राहिले आहे याचा. भाऊ असेल, जाऊ असेल, शेजारी असेल. वकील, सातबारा आणि वाटणी यांचे जे व्हायचे ते रीतसर होऊ द्या. कैसराचे ते कैसराकडे जाईल. पण ज्याच्यावर देवाची मुद्रा आहे, त्याला तेवढ्यासाठी गमावू नका. कोणाला एकट्याने उंबरठा चढवत नसेल तर या, आम्ही बरोबर येऊ. त्या दोन भावांच्या दाराशीही आम्ही पुन्हा जाणार आहोत. आमच्यासाठी प्रार्थना करा.

हे प्रभू, मत्तयला मेजावरून उठवलेस, तसे आम्हालाही उठव. आमच्यावरची तुझी झिजलेली मुद्रा पुन्हा उजळ कर आणि दारात उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून पाहायला आम्हाला शिकव. आमेन.

आपले धर्मगुरू