गोठवणे आणि आटवणे

बिअर अतिथंड जागी ठेवली, की तिच्यातले पाणी आधी गोठू लागते. मद्यार्क उणे ११४ अंशांपर्यंत द्रवच राहतो. बर्फ काढून टाकला, की उरते ते अधिक कडक. जर्मनीतील ‘आइसबॉक’ ही बिअर याच रीतीने करतात. वसाहतकालीन अमेरिकेत सफरचंदाचे आसवही हिवाळ्यात असेच तीव्र करीत.

निपाणी-बेळगावकडे अशी थंडी नाही. आम्हांला ओळखीचे आहे ते गुऱ्हाळ. तेथेही पाणीच काढायचे असते. पण चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळू लागला, की भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि ती निथळून बाजूला केली जाते. गुळव्याची नजर क्षणभरही हलत नाही. गोठवण्यात असा निवडणारा कोणी नसतो. पाणी तेवढे जाते. गुणही दाट होतो आणि दोषही.

आम्हांला प्रश्न पडतो तो स्मृतीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या काळात जुन्या मराठी घराण्यांनी जे सोसले, ते पुढच्या पिढीला सांगणे हे कर्तव्यच होय. परंतु सांगताना आम्ही आटवतो की गोठवतो? रोजचे साधे दिवस पाण्यासारखे निघून जातात: बाजारातले दुभाषी बोलणे, कन्नड शेजाऱ्याने अडीअडचणीला दिलेला हात. उरतो तो कडक अंश, आणि नातवंडांच्या हाती तोच पेला येतो.

यावर कोणी म्हणेल, की मळी काढणे म्हणजे सत्यच पातळ करणे. आम्हांला तसे वाटत नाही. न्याय मागणे हा रस आहे; शेजाऱ्याविषयीची तुच्छता ही मळी. आपल्या भाषेत शिकण्याचा, कारभार समजून घेण्याचा हक्क मागताना दुसऱ्याच्या भाषेला हिणवावे लागत नाही. मळी काढली म्हणून गुळाची गोडी उणावत नाही. उलट तो टिकतो. ती राहिली तर ढेपच बिघडते. मात्र हे काम आपोआप होत नाही. त्याला विस्तवाजवळ बसावे लागते, डोळ्यांत धूर घ्यावा लागतो. थंडीत ठेवून विसरणे त्याहून फार सोपे.

आणखी एक गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. गूळ साठवायचा तो घट्ट. पण उन्हातून दारी आलेल्याला द्यायचा तो गूळ-पाणी म्हणून. आलेला कोणत्या भाषेत बोलतो, हे तेव्हा कोणी विचारीत नसे. आटवलेल्या स्मृतीचेही तसेच असावे: जपताना घट्ट, देताना पाण्यासह.