परक्या शहरात भाड्याची स्कूटर

सोनपेठला गाडी म्हणजे दुचाकी. परळीचा दवाखाना असो, गंगाखेडचं लग्न असो की पाथरीचं काम, चावी उचलायची आणि निघायचं. अशा गावात वाढलेली मुलं आता पुण्या-हैदराबादला नोकरी करतात आणि सुट्टीत बँकॉकला, हनोईला जातात. तिथं हॉटेलशेजारी भाड्याच्या स्कूटरी दिसल्या की त्यांचं मन तिकडं ओढ घेतं. ही ओढ मला रास्त वाटते. टूरच्या बसमधून शहर काचेपलीकडं राहतं. हनोईच्या जुन्या पेठेत रस्त्यांना मालावरून नावं आहेत, हांग बाक चांदीचा, हांग मा कागदी वस्तूंचा. तिथं वाट चुकल्याशिवाय आणि कुणाला तरी विचारल्याशिवाय ती पेठ कळत नाही.

गर्दीचं म्हणाल तर आपली मुलं बावरत नाहीत. समोरच्या चाकाचा कल पाहून त्याचा बेत ओळखायचा, वेग थोडा कमी करून वाट द्यायची, हे आठवडी बाजाराच्या रस्त्यानं त्यांना कधीच शिकवलेलं असतं.

पण हँडल हाती आलं की पाहुणेपण संपतं. पोराला पुढं उभं करून समोरून येणारी बाई तुमच्या ब्रेकवर विसंबलेली असते. तुम्ही कुठले, किती दिवसांसाठी आलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्या रस्त्यावर तुम्ही तिच्याइतकेच जबाबदार असता, आणि मला वाटतं, स्कूटरवरून शहर पाहण्याचा खरा अर्थ एवढाच आहे.

म्हणून परवान्याची गोष्ट किरकोळ नाही. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतो आणि जास्तीत जास्त वर्षभर चालतो. थायलंड तो मानतो, शिवाय तिथली वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो, त्यामुळे आपला तिथं चालत नाही, आणि वाहनंही उजवीकडून धावतात. वळताना हाताची जुनी सवय नेमकी तिथंच दगा देते. दुकानदार परवाना न बघता चावी देतो, पण अपघात झाला की विमा कंपनी तो आधी मागते.

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी घेताना ओळखपत्र दाखवून भागतं. परदेशात काही दुकानं पासपोर्टच गहाण मागतात. पासपोर्ट कायद्यानं भारत सरकारची मालमत्ता आहे, तो गहाण टाकण्याचा हक्क आपल्याला नाही. रोख अनामत द्या, दुकानदार ऐकत नसेल तर दुसरं दुकान बघा.

बँकॉकला जाणार असाल तर निघण्याआधी परभणीच्या आरटीओकडून परवाना काढून घ्या आणि डोक्याला बसेल असंच हेल्मेट मागा. हनोईत मात्र मागच्या सीटवर बसा. तिथं ॲपवरून दुचाकीवाला सहज मिळतो.