गुरू हा शब्द कुणाचा?

१९९३ साली आयटीआयची टर्नरची दोन वर्षं संपवून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मला दिलं, त्यांनी वर्षभरात मला समजावून सांगितलं असं काहीच आठवत नाही. त्या वर्षाचा राग कधीच निवला. एक प्रश्न मात्र दर गुरुपौर्णिमेला पुन्हा समोर येतो: मी त्यांना गुरू म्हणायचं का?

पहिला महिनाभर मी लेथवर बिडाच्या तुकड्यांचे फेस मारत होतो, म्हणजे त्यांची तोंडं सपाट करत होतो. दर वेळी जॉबच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं बोंड उरायचं. ते काढायला मी टूल जोरानं पुढं सारायचो आणि टूलचं टोक उडायचं. मिस्त्री दिवसातून दहा वेळा त्या लेथजवळून जात. बोंड बघत, तुटलेलं टूल बघत आणि पुढं जात. एकदा धीर करून विचारलं, "मिस्त्री, हे मधी बोंड का ऱ्हातंय?" ते म्हणाले, "आयटीआयचं सर्टिफिकेट हाय न्हवं? त्येला इचार." माझं टूल सेंटरपासून थोडं खाली होतं, एवढंच कारण. टूलखाली पत्र्याची एक पट्टी सरकवली असती, तर संपलं असतं. ती पट्टी मला पाच आठवड्यांनी सापडली.

ग्राइंडरवर टूलला धार लावताना ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत. पाळी संपली की टूल पत्र्याच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. आटे पाडायचे असले की गिअरचा हिशेब हेडस्टॉकवर खडूनं मांडत, गिअर बदलून झाले की तेलकट चिंधीनं पुसून टाकत.

मग मी भंगाराच्या ट्रेमधून त्यांची टाकून दिलेली टुलं वेचायला लागलो. झिजून इंचभर राहिलेला हायस्पीडचा तुकडा. रात्री खोलीवर दिव्याखाली धरायचो, नखानं धार बघायचो, अंगठा हळू फिरवायचो. वरच्या कडेपासून खाली येताना पुढची बाजू किंचित आत गेलेली लागायची. ती आत गेली नाही, तर टूल कापत नाही, नुसतं घासतं. क्लिअरन्स म्हणजे काय, हे मला पुस्तकातल्या आकृतीनं कळलं नव्हतं; ते अंगठ्याला कळलं. धार पुरेशी आहे की नाही हे मी कानानं शिकलो. मिस्त्रींच्या लेथवर कट चालू असताना एकसारखी सळसळ यायची, माझ्या लेथवर किरकिर. सळसळ येईपर्यंत मी टूल पुन्हा पुन्हा ग्राइंडरवर नेत राहिलो.

आमच्या घरात दत्ताची भक्ती. आबा पौर्णिमेला एसटीनं नरसोबाच्या वाडीला जायचे आणि रात्री एकनाथी भागवत वाचायचे. माझी रड ऐकून त्यांनी मला अवधूताचे चोवीस गुरू वाचून दाखवले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो: पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, पिंगला. त्यांत एक शरकार आहे, बाण घडवणारा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका बुडालेला असतो, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेलेली त्याला समजत नाही. अवधूत त्याच्याकडून एकाग्रता घेतो. आबा म्हणाले, "शरकारानं त्याला जवळ बसवलं नव्हतं. वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. तरी तो गुरू. तू तुझ्या मिस्त्रीकडं तसं बघ."

या एका सल्ल्यानं माझं ते वर्ष निभावलं. मिस्त्री काय सांगत नाहीत हे मोजणं मी सोडलं आणि त्यांचे हात काय करतात ते बघायला लागलो. डायल मागं फिरवून आकडा गाठायचा नाही, जास्त मागं घेऊन पुन्हा पुढूनच यायचं, नाहीतर स्क्रूतली ढिलाई मापात उतरते. हे त्यांच्या मनगटाकडे बघून समजलं. बोलून कुणी सांगितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

काही वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या पाठीवर हात ठेवून ते चारचौघांत म्हणाले, "ह्यो माझ्या हाताखाली तयार झालेला गडी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला आणि घरी येऊन जेवलो नाही. मला एकलव्य आठवला. द्रोणांनी त्याला शिष्य म्हणून घेतलं नाही. मातीच्या मूर्तीसमोर तो स्वतः शिकला. विद्या तयार झालेली दिसल्यावर मात्र द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागितला. जे दिलं नाही, त्याची किंमत मागितली.

अवधूत आणि एकलव्य दोघंही न शिकवणाऱ्याकडून शिकले. फरक आहे तो पुढं काय झालं त्यात. शरकारानं अवधूताकडे काही मागितलं नाही. आपण कुणाचे गुरू आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिथं गुरू हा शब्द अवधूतानं दिला, आपल्या कृतज्ञतेतून. हा शब्द शिष्यानं द्यायचा असतो. गुरूनं तो हात लांब करून घेतला, की त्याचा अंगठा होतो.

आणखी एक सांगायला हवं. चोवीस गुरूंची कथा शिकणाऱ्यासाठी आहे. शिकवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानं ती ढालीसारखी पुढं करू नये. 'बघून शिकायचं असतं, आम्हीही तसेच शिकलो,' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते मला अधर्माचं वाटतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानंही शिकाऊला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानलंय आणि शिकवण्याचं बंधन मालकावर घातलंय. पण मी कायद्याचं बोलत नाही. जनार्दनस्वामींनी एकनाथांना हिशेबाच्या कामाला बसवलं होतं, एका पैची चूक शोधत नाथ रात्रभर जागले, ही आख्यायिका आपल्याकडे घरोघरी सांगतात. मला तिच्यात स्वामींचं उठून येणं मोठं वाटतं. शिष्य काय करतोय हे बघायला ते आले होते. माझं बोंड मिस्त्रींनी रोज बघितलं होतं.

त्यांची बाजू मला नंतर कळली. लहानपणी उस्तादाच्या हाताखाली त्यांनी तीन वर्षं झाडू मारला होता, हातोडीचा दांडा बोटांवर खाल्ला होता. शिवाय भीती खोटी नव्हती. अर्ध्या पगारात तेच काम करणारा पोरगा तयार झाला, की जुन्या माणसाला घरी बसवतात. उद्यमनगरात हे सगळ्यांनी बघितलंय. कुलूप लावलेल्या त्या पेटीत त्यांची म्हातारपणाची भाकरी होती. म्हणून मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. पण विद्या दाबून ठेवणं हा दोषच. भीतीपोटी केला, म्हणून तो पुसला जात नाही.

तर माझं उत्तर असं. गुरुपौर्णिमेला मी त्यांच्या हातांना मनातून नमस्कार करतो, त्या मनगटाला आणि त्या सळसळीला. त्यांच्या पाठ फिरवण्याला करत नाही.

मे महिन्यात माझ्याकडे कागलचा एक मुलगा अप्रेंटिस म्हणून आला. पहिल्याच दिवशी मी त्याला ग्राइंडरवर माझ्या शेजारी उभं केलं आणि टूल त्याच्या हातात दिलं. त्यानं चार टुलं जाळली. पाचवं टूल आज माझ्या लेथवर लावलेलं आहे.